पहिले शील आणि कुत्र्याची ‘जात’



प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे पहिले शील आपण नित्य ग्रहण करतो. परंतु ज्याला मारले नाही, पण ज्याचा जन्मच दुःखात होईल अशी तजवीज केली, त्याच्याबाबत हे शील काय सांगते? एका उदाहरणावरून पाहू.

पग हा चपट्या तोंडाचा, बटबटीत डोळ्यांचा लहान कुत्रा. २००३ च्या सुमारास तो एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत झळकला आणि शहरांतून त्याची मागणी वाढली. त्याचे तोंड निसर्गाने चपटे केलेले नाही. अधिकाधिक चपट्या तोंडाचे नर-मादी निवडून माणसाने पिढ्यान्‌पिढ्या त्यांची पैदास केली. कवटी आखूड झाली, पण टाळूचा मऊ भाग त्या मानाने आखूड झाला नाही; तो श्वासाची वाट अडवतो. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. ज्याला धड श्वास घेता येत नाही, त्याने विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात काय करावे? त्याच्या घोरण्याला आपण हसतो. ती गंमत नव्हे, घुसमट आहे.

इंग्लिश बुलडॉगची गत तीच. बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ इंग्लंडमध्ये १८३५ साली कायद्याने बंद झाला. पुढे प्रदर्शनांसाठी या कुत्र्याचे रूप इतके बदलले की, मोठ्या डोक्यामुळे त्याची बहुतेक पिले शस्त्रक्रिया करूनच काढावी लागतात.

याच्या मुळाशी ‘शुद्ध रक्ता’चा हट्ट आहे. बाहेरचे रक्त वर्ज्य, जवळच्या नात्यात संयोग. म्हणून दोष वंशात मुरतात. हा हट्ट आपल्या ओळखीचा आहे. रक्तशुद्धीच्या नावाने होणारे जातिभेदाचे समर्थन बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलन’मध्ये खोडून काढले. माणसातील रक्तशुद्धी नाकारणाऱ्यांनी जनावराच्या वंशावळीचा कागद मिरवावा काय?

कोणी म्हणेल, शेतकरीही निवडूनच बैल घेतो. होय, पण तो धडधाकट बैल निवडतो. तेथे गरज असते, येथे केवळ हौस. तथागतांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत शस्त्र, मांस, मद्य व विष यांबरोबर जिवंत प्राण्यांचा व्यापारही आहे. असे पिलू विकत घेणारा तो व्यापार चालू ठेवतो.

जगही या विचाराकडे वळत आहे. कॅव्हेलियर स्पॅनियल या कुत्र्यांत हृदयाचे व मेंदूचे विकार वंशपरंपरेने येतात. त्यांची आहे तशी पैदास नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली बेकायदा ठरविली.

मग आपण काय करावे? घरात असा कुत्रा असेल तर त्याला टाकू नये. उन्हापासून जपावे, वजन वाढू देऊ नये, त्याची पैदास मात्र करू नये. नवा कुत्रा हवा असेल तर गल्लीतले गावठी पिलू घरी आणावे. त्याच्याजवळ वंशावळ नाही, पण मोकळा श्वास आहे.

मुलांसह चर्चा करा :
१) न मारताही हिंसा कशी घडते?
२) आपल्या हौसेची किंमत कोण मोजतो?