राजीनाम्यापूर्वीचे गणित : नोकरी, बाळंतपण आणि विमा

स्त्री कामगारांना बाळंतपणात विश्रांती व आर्थिक आधार मिळावा, यासाठी मुंबई कायदेमंडळात आलेल्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली पाठिंबा दिला. 1929 साली मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. आज आपल्या अनेक लेकीसुना खाजगी नोकरीत आहेत; परंतु हा हक्क केव्हा सुरू होतो व केव्हा संपतो, याची माहिती फार थोड्यांना असते.

मध्यंतरी आमच्या काउंटरवर एक भगिनी मुदत ठेव मोडण्यास आली. पाचवा महिना होता. प्रवास झेपेना म्हणून तिने राजीनामा दिला होता. कंपनीचे विमा कार्ड पर्समध्ये होते. पण ते नोकरीबरोबरच संपले, हे तिला दवाखान्यात नाव नोंदवताना कळले. "साहेब, आता नवीन विमा काढला तर चालेल का?" असे तिने विचारले. आम्हाला नाही म्हणावे लागले. तिच्यासाठी तो 'नाही' उशिराचा होता. इतरांना तो वेळेवर कळावा, म्हणून हा लेख.

1) कंपनीचा सामूहिक विमा : यात बाळंतपणाचा खर्च पुष्कळदा मिळतो, परंतु हे संरक्षण सामान्यतः नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपते. पतीच्या कंपनीत असा विमा असल्यास पत्नीचे नाव वेळीच घालावे. अनेक ठिकाणी ते फक्त नूतनीकरणाच्या वेळीच घालता येते.

2) स्वतःची पॉलिसी : बहुतेक साध्या पॉलिसींत बाळंतपण वगळलेले असते. जिथे ते असते तिथे प्रतीक्षा काळ असतो. समजा, दोन वर्षांची अट असलेली पॉलिसी 1 जानेवारी 2026 रोजी घेतली, तर 2028 उजाडण्यापूर्वीच्या बाळंतपणाचा खर्च मिळणार नाही. म्हणून पॉलिसी दिवस राहिल्यावर नव्हे, लग्नानंतर लगेच पाहावी.

3) पगारी रजा : 1961 च्या कायद्यातील 12 आठवड्यांची रजा 2017 साली पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे झाली. 21 नोव्हेंबर 2025 पासून ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या 12 महिन्यांत त्याच मालकाकडे किमान 80 दिवस काम झालेले असावे लागते. त्यामुळे नोकरी बदलतानाही हे दिवस मोजावेत. त्रास होत असल्यास राजीनाम्याआधी बिनपगारी रजा मागून पाहावी.

4) कामगार विमा : पगारातून ई.एस.आय.ची वर्गणी कापली जात असेल, तर नोकरी सुटताच सर्व संपले असे समजू नये. वर्गणीचा काळ व लाभाचा काळ वेगवेगळे असतात. कार्ड घेऊन स्थानिक कार्यालयात चौकशी करावी.

5) काहीच नसेल तर : सरकारी रुग्णालयात 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार प्रसूती, सिझेरियनसुद्धा, मोफत आहे. तेथे जाण्यात कमीपणा नाही. नाव मात्र लवकर नोंदवावे.

आम्ही बँकेत रोज तारखा पाहतो. एका दिवसाच्या फरकाने व्याज बुडते, तसाच हक्कही बुडतो. म्हणून राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी एका कागदावर तीन तारखा लिहा : नोकरी सोडण्याची, विमा संपण्याची आणि बाळंतपणाची. त्या कागदावर पती-पत्नी दोघांनी मिळून विचार करावा, एवढीच विनंती.