चेनचं तेल: स्वस्त कोणतं, महाग कोणतं

हिवाळ्यात सायकल सर्व्हिसिंगला दिली होती. परत आली तेव्हा चेन काळीभोर आणि चकचकीत होती. मेकॅनिकने मोटारसायकलमधून काढलेलं जळकं ऑईल तिच्यावर सोडलं होतं. वर म्हणाला, "साहेब, हे महिनोन्‌महिने हलत नाही." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, ते हललं नाहीच. पुण्यातल्या रस्त्यांची धूळ मात्र त्याच्यावर बसत गेली. उन्हाळा संपता संपता चेनवरची काजळी चिमटीत चोळून पाहिली, तर पॉलिश पेपरसारखी खरखर लागली. पट्टी लावली. अर्ध्या इंचाच्या 24 कड्या नव्या चेनवर बरोबर 12 इंच भरतात. अर्धं सूत वाढलं की चेन बदलावी, पूर्ण सूत वाढलं तर फ्रीव्हीलचे दातेही बहुधा गेलेले असतात. माझ्या चेनचं पूर्ण सूत वाढलं होतं. फुकटचं तेल चेन आणि फ्रीव्हील दोन्हीच्या भावात पडलं.

जळक्या ऑईलमध्ये काजळी आणि धातूचा बारीक चुरा असतो, म्हणून ते चेनला कधीच नको. ग्रीसही नको. ते पिन आणि रोलरच्या फटीत शिरत नाही, वर बसून माती गोळा करतं. खोबरेलाचा सल्ला देणारे घरोघरी भेटतात, पण खाद्यतेल हवेने चिकट होतं आणि खोबरेल थंडीत थिजतं. डब्ल्यूडी-40 चा नेहमीचा स्प्रे गंज सोडवायला छान, पण त्याचा थर इतका पातळ की चेनला तेवढ्यावर ठेवू नये.

मग स्वस्तात काय? कोरड्या दिवसांत रोजच्या ये-जा करणाऱ्या सायकलला शिलाई मशीनचं तेल पुरतं. ते पातळ आहे, पटकन आत शिरतं; उडूनही लवकर जातं, म्हणून आठवड्याला एकदा हात फिरवायचा. पावसाळ्यात ते एका सरीत धुऊन निघतं. तेव्हा नवं, न वापरलेलं इंजिन ऑईल घ्या, पण थेंबाथेंबानेच. लांबच्या राइड करत असाल तर सायकलसाठीच बनवलेल्या चेन ल्यूबची छोटी बाटली घ्या. थेंबाने वापरली तर ती महाग पडत नाही. मेणाचा प्रयोग चांगला, पण त्यासाठी चेन काढून पूर्ण तेलमुक्त करावी लागते. एवढी हौस सगळ्यांना नसते.

तेल कोणतंही असो, आधी डिझेलच्या फडक्याने चेन पुसून वाळू द्या. पायडल उलटं फिरवत प्रत्येक रोलरवर एकच थेंब टाका. रिम आणि डिस्कवर शिंतोडा उडू देऊ नका, ब्रेक लागणार नाही. थोडा वेळ थांबा आणि कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. लोक नेमकं हेच टाळतात. तेलाचं काम कडीच्या आत असतं, बाहेर राहिलेलं फक्त धूळ धरतं.

सर्व्हिसिंगला सायकल देताना "जळकं ऑईल लावू नका" एवढं आधीच बजावून सांगा, आणि तेलाची बाटली घरून न्या.