मालगाडीचे गाणे कुणाचे?

लग्नघरी हळदीच्या वेळी जाते पुजतात, हे आपण पाहिले आहे. रोजचे दळण आता गिरणीत जाते. पण त्या दिवशी म्हाताऱ्या बाया जात्याशी बसतात आणि ओव्या म्हणतात. आम्ही अशा वेळी विचारतो, "आजी, ही ओवी कुणाची?" आजी म्हणते, "कुणाची म्हंजे? आईकडून आली." पण एखादी हळूच सांगते, "ही मीच जुळवली हो." मग पदर तोंडाला लावून हसते.

गाणे जुळवले, पण नाव कुठे लागले नाही. अशाच एका बाईची गोष्ट आज आपण वाचू. ती आपल्या देशातली नाही, दूर अमेरिकेतली आहे.

तिचे नाव एलिझाबेथ कॉटन. जन्म १८९३ सालचा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना नावाचे राज्य आहे. तिथल्या कारबोरो या लहान गावात ती वाढली. ती काळ्या वर्णाची होती. त्या काळी तिकडे काळ्या लोकांना फार हलके लेखीत. त्यांच्या बायका-मुली गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करीत. एलिझाबेथची शाळाही लहानपणीच सुटली आणि ती कामाला लागली. पहिला पगार महिन्याला पाऊण डॉलर.

तिला वाद्याची भारी आवड. भाऊ घरी नसला की ती गुपचूप त्याचा बँजो काढून वाजवी. मग तिला स्वतःची गिटार हवीशी वाटली. गिटार म्हणजे सहा तारांचे वाद्य. ते छातीशी धरून बोटांनी छेडतात. दुकानात किंमत होती पावणेचार डॉलर. आता हिशेब करून पाहा. पाऊण डॉलर पगार, तर पावणेचार डॉलर म्हणजे पाच महिन्यांची सगळी कमाई! पण पोरीने पैसे साठवले आणि गिटार घेतलीच.

ती होती डावखुरी. शिकवायला कुणी नव्हते. उजव्या हाताने वाजवणाऱ्यांसाठी केलेली गिटार तिने उलटी धरली. त्यामुळे जाड तारा खाली आल्या आणि बारीक तारा वर गेल्या. इतर लोक अंगठ्याने जाड तारा छेडतात आणि बोटांनी चाल वाजवतात. हिने उलटे केले. बोटांनी जाड तारा आणि अंगठ्याने चाल! ही तिची स्वतःची रीत झाली. पुढे मोठमोठे वादक ही रीत शिकू लागले.

घराजवळून रेल्वेचा रूळ जाई. रात्री मालगाडीचा आवाज येई. अकरा-बारा वर्षांच्या या पोरीने त्या मालगाडीवर एक गाणे रचले. गाडीबरोबर कुठेतरी दूर निघून जावे, असे त्यात आहे. मरणाचाही विचार त्यात आहे. एवढ्याशा मुलीच्या मनात केवढे दुःख असेल, पाहा.

पुढे लग्न झाले. मुलगी झाली. चर्चमधल्या लोकांनी सांगितले, देवाची भक्ती करायची तर असली गाणी सोडून दे. तिने गिटार बाजूला ठेवली. कितीएक वर्षे ती वाजवलीच नाही. संसार आणि लोकांच्या घरची कामे, यात उमर गेली.

पन्नाशीच्या सुमारास कॉटनबाई वॉशिंग्टन शहरात एका मोठ्या दुकानात काम करीत होत्या. तिथे एक लहान मुलगी गर्दीत चुकली. बाईंनी तिला शोधून आईच्या हवाली केले. त्या आईने बाईंना आपल्या घरी कामाला ठेवून घेतले. हे घर सीगर कुटुंबाचे. घरची आई रूथ सीगर लोकांची गाणी ऐकून कागदावर उतरवीत असे. म्हणजे बघा, दिवाणखान्यात लोकगीते लिहिली जात होती आणि स्वयंपाकघरात स्वतः गाणी रचणारी बाई भांडी घासत होती! पण हे कुणाला ठाऊक नव्हते. एके दिवशी बाईंनी भिंतीवरची गिटार उचलून वाजवली. मुलांनी ती ऐकली आणि थक्क झाली.

चुकलेली ती मुलगी म्हणजे पेगी. मोठी झाल्यावर ती गायिका झाली आणि इंग्लंडला गेली. तिथे तिने मालगाडीचे गाणे म्हटले. लोकांना ते आवडले. १९५७ साली दुसऱ्या गायकांनी गायलेली या गाण्याची रेकॉर्ड तिकडे खूप गाजली. पण गाण्याचे लेखक म्हणून कागदावर नावे कुणाची? दुसऱ्याच दोन माणसांची! रचणारी बाई तिकडे अमेरिकेत लोकांच्या घरी राबत होती.

हे असे का झाले? गाणे तोंडी होते. कागदावर बाईंचे नाव नव्हते. लोकगीत म्हणजे कुणाचेच नाही, असे समजून ज्याने आधी नाव घातले त्याचे ते झाले. सीगर कुटुंब बाईंच्या बाजूने उभे राहिले. वाद झाला. शेवटी गाण्याच्या लेखकांत एलिझाबेथ कॉटन हे नाव दाखल झाले.

पेगीचा भाऊ माइक याने बाईंच्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण केले. १९५८ साली बाईंची पहिली रेकॉर्ड निघाली. तेव्हा त्यांचे वय पासष्ट होते. मग त्या लोकांपुढे गाऊ लागल्या. पतवंडांना सोबत घेऊनही त्यांनी नवे गाणे जुळवले. १९८५ साली त्यांना ग्रॅमी हे मोठे पारितोषिक मिळाले, तेव्हा त्या ब्याण्णव वर्षांच्या होत्या. १९८७ साली त्या वारल्या. मालगाडीचे गाणे आजही गायले जाते, आणि त्यावर त्यांचे नाव असते.

आपल्याकडेही असे उदाहरण आहे. जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात राबताना त्या गाणी रचीत. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि घरची माणसे यांनी काही गाणी लिहून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. १९५२ साली गाण्यांचे पुस्तक निघाले. लिहून ठेवले नसते, तर ती गाणी त्यांच्याबरोबरच गेली असती.

आपल्या देशात १९५७ सालचा कॉपीराइटचा कायदा आहे. ज्याने गाणे रचले, त्याचा त्यावर हक्क असतो. त्यासाठी सरकारी नोंदणी सक्तीची नाही. पण तंटा झाला तर 'हे मी रचले' याला पुरावा लागतो. लिहून, तारीख घालून ठेवलेला कागद तेव्हा कामाला येतो. जुनी, पिढीजात ओवी मात्र साऱ्यांची आहे. तिच्यावर आपले एकट्याचे नाव घालू नये. तेही खोटेच.

तुम्ही आता अक्षरे शिकलात. सही करता येते, पत्र वाचता येते. आता आणखी एक काम करा. घरातल्या म्हातारीला विचारा, "यातली तुझी कोणती?" ती सांगेल तशीच लिहा. तिची बोली सुधारू नका. खाली तिचे नाव घाला. आज ती समोर आहे, तोवर हे करा.

शब्दांचे अर्थ
डावखुरी – डाव्या हाताने काम करणारी
ध्वनिमुद्रण – आवाज भरून ठेवणे
पतवंडे – नातवाची किंवा नातीची मुले
पिढीजात – वाडवडिलांपासून चालत आलेले

प्रश्न
१. एलिझाबेथने गिटार कशी मिळवली?
२. तिची वाजवण्याची रीत इतरांहून वेगळी कशी होती?
३. मालगाडीच्या गाण्यावर दुसऱ्यांची नावे का लागली?
४. घरातल्या कुणी रचलेली एक ओवी वहीत लिहा. खाली रचणारीचे नाव, गाव आणि तारीख लिहा. वर्गात वाचून दाखवा.