सूर्याचा वारा

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर आणि सांगली जिल्ह्यातील ढालगावच्या माळावर पवनचक्क्या उभ्या आहेत. वारा त्यांची पाती फिरवितो. वारा म्हणजे वाहती हवा. परंतु जेथे हवा नाही, त्या अवकाशातही एक वारा अखंड वाहत असतो. तो सूर्यापासून निघतो. म्हणून त्यास सौरवात म्हणतात.

सूर्याच्या बाह्य वातावरणाचे तापमान दहा लाख अंशांहून अधिक असते. त्या उष्णतेने अणू फुटून त्यांतील विद्युत्‌भारित कण, म्हणजे प्रोटॉन व इलेक्ट्रॉन, सुटे होतात. त्यांचा वेग एवढा वाढतो की, सूर्याचे आकर्षणही त्यांना रोखू शकत नाही.

सौरवात दर सेकंदास सुमारे ४०० किलोमीटर धावतो. साताऱ्याहून सांगली सुमारे सव्वाशे किलोमीटर. ते अंतर हे कण एका सेकंदात तीन वेळा तोडतील! तरीही पृथ्वीपर्यंतचे पंधरा कोटी किलोमीटर कापण्यास त्यांना सुमारे चार दिवस लागतात. मात्र या वाऱ्याने गवताची काडीही हलणार नाही. कारण पृथ्वीजवळ पोहोचेपर्यंत तो इतका विरळ होतो की, फाशाएवढ्या जागेत त्याचे जेमतेम पाच-दहा कण असतात.

पृथ्वी हा एक प्रचंड लोहचुंबक आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाच्या खांबांपाशी कृष्णेचे पाणी दुभंगते, तसे हे कण पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे बहुतांशी बाजूस वळतात. परंतु कधी सूर्यावर उद्रेक होतो आणि कणांचा लोंढा पृथ्वीवर येऊन आदळतो. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने सूर्यावर एक तेजस्वी भडका पाहिला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठले. युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे बिघडली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने केलेल्या त्या वादळाच्या नोंदी शास्त्रज्ञ आजही अभ्यासतात. पुढे १३ मार्च १९८९ रोजी अशाच वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांत सुमारे नऊ तास अंधारात राहिला.

यासाठी सूर्यावर पहारा हवा. भारताने २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य एल-१ हे यान सोडले. ६ जानेवारी २०२४ रोजी ते पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरील आपल्या स्थानी पोहोचले. सूर्याची छायाचित्रे घेणारी त्यावरील एक दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने घडविली आहे. त्या स्थानावरून नेहमीच्या वेगाने येणाऱ्या कणांची चाहूल सुमारे एक तास आधी लागते. एक तास थोडा वाटेल; पण पुराआधी मिळालेल्या एका तासाचे मोल कृष्णाकाठच्या लोकांना पुरेपूर ठाऊक आहे.