नेतृत्वाची पात्रता : ज्ञान आणि अमानत

बनी इस्राईलच्या सरदारांनी आपल्या प्रेषितांकडे राजाची मागणी केली, तेव्हा राजा कसा असावा हे त्यांच्या मनात आधीच ठरलेले होते. तालूतची नियुक्ती जाहीर होताच त्यांनी आक्षेप घेतला, की त्याच्यापाशी संपत्ती नाही, सत्तेवर अधिक हक्क आमचाच आहे. सूरह अल-बकराच्या 247 व्या आयतीत या आक्षेपाचे उत्तर आले आहे. तालूतच्या निवडीची जी कारणे तेथे सांगितली आहेत, त्यांत घराणे नाही, धन नाही. ज्ञान आणि शारीरिक सामर्थ्य आहे, आणि त्यातही ज्ञानाचा उल्लेख आधी आहे. त्या सरदारांची कसोटी मात्र अजून जुनी झालेली नाही. ‘निवडून येण्याची क्षमता’ या सभ्य शब्दांआड आजही बहुधा पैसा आणि घराणेच मोजले जाते.

परंतु ज्ञान म्हणजे नेमके कोणते? आदरणीय यूसुफ (अ.) यांच्या वृत्तांतात याचे उत्तर सापडते. इजिप्तची कोठारे आपल्या स्वाधीन करावीत असे सुचविताना त्यांनी स्वतःविषयी दोनच गुण सांगितले : राखण करण्याची वृत्ती आणि जाणकारी (सूरह यूसुफ, 55). ही जाणकारी मोघम नव्हती. सात वर्षे सुकाळाची आणि पुढची सात वर्षे दुष्काळाची येणार, तेव्हा खाण्यापुरते वगळून उरलेले पीक कणसांतच ठेवावे, हा उपाय त्यांनी कैदेत असतानाच सांगितला होता. याच प्रसंगात राजाचे वर्तनही पाहण्यासारखे आहे. स्वप्नाचा अर्थ त्याला कळला नव्हता, दरबाऱ्यांनाही कळला नव्हता. पण एका कैद्याचे ज्ञान त्याने ओळखले, त्याला बोलावून घेतले आणि अधिकार दिला. राष्ट्राचा नेता सर्व शास्त्रांत पारंगत असणे शक्य नाही. आपल्याला काय ठाऊक नाही आणि ते कोणाला ठाऊक आहे, हे कळण्याइतके ज्ञान मात्र त्याच्यापाशी असलेच पाहिजे.

धर्मनिष्ठा या ज्ञानाची जागा घेत नाही. आदरणीय अबू जर (रजि.) यांच्या ईशभयाविषयी कोणाला शंका नव्हती. तरीही त्यांनी अधिकारपद मागितले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी, आपण या कामासाठी दुर्बल आहात आणि पद ही अमानत आहे, असे त्यांना समजावले. सहीह मुस्लिममधील ही हदीस आपल्याकडे कमी सांगितली जाते, आणि ‘माणूस नमाजी आहे’ एवढ्यावर मत देऊन मोकळे होणारे अनेक आहेत. इब्ने तैमिया यांनी सामर्थ्य आणि अमानतदारी हे दोन्ही गुण आवश्यक मानले. मात्र ते एकाच व्यक्तीत क्वचित आढळतात, म्हणून कामाच्या स्वरूपानुसार निवड करावी, असेही त्यांनी सांगितले.

ही पारख कायद्यावर सोपवता येईल काय? पाकिस्तानात 2002 च्या निवडणुकीत उमेदवाराला पदवीची अट घातली गेली. मदरशांची प्रमाणपत्रे तिच्या समकक्ष मानली गेली. 2008 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली, आणि पुढे अनेक लोकप्रतिनिधींच्या पदव्याच बनावट असल्याचे उघड झाले. ज्ञान तपासण्यासाठी केलेल्या नियमाने अप्रामाणिकपणाला वाट करून दिली. त्याच देशाच्या संविधानात उमेदवार ‘सादिक’ आणि ‘अमीन’ असावा, असेही कलम आहे. हे शब्द प्रेषितांच्या चारित्र्याशी निगडित. त्यांचे मोजमाप न्यायालयात होऊ लागले, की ते प्रतिस्पर्ध्याला बाद करण्याचे हत्यार बनण्याचा धोका राहतोच.

आदरणीय उमर (रजि.) यांच्याविषयी एक प्रसंग सांगितला जातो. एकाने दुसऱ्याच्या चांगुलपणाची ग्वाही दिली, तेव्हा त्यांनी विचारले : तुम्ही त्याचे शेजारी आहात काय? त्याच्यासोबत प्रवास केला आहे काय? त्याच्याशी पैशाचा व्यवहार केला आहे काय? तिन्ही उत्तरे नकारार्थी आल्यावर, तुम्ही त्याला ओळखत नाही, असे त्यांनी सांगितले.

आपल्या देशात खासदारकीसाठी शिक्षणाची अट नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003 मधील निर्णयांमुळे प्रत्येक उमेदवाराला गुन्हेगारी प्रकरणे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण प्रतिज्ञापत्रात जाहीर करावे लागते, आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. उमर (रजि.) यांच्या तिसऱ्या प्रश्नाचे थोडेफार उत्तर त्यात मिळते. पहिल्या दोन प्रश्नांसाठी कोणताही रकाना नाही. तेथे उमेदवाराच्या गल्लीत, बाजारपेठेत आणि त्याने आधी सांभाळलेल्या संस्थेत जाऊन विचारावे लागते.