रेव्हरंड टिळक : श्रद्धा, शिक्षण आणि संसार

या पाठात आपण रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्या विचारांचा परिचय करून घेणार आहोत.

कोकणातील ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामुळे पतिपत्नींची ताटातूट झाली. दोघांनाही ती जिव्हारी लागली. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या. परंतु त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो १९०० मध्ये, स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावर. श्रद्धा अंतःकरणातून उमलावी लागते, हेच यातून दिसते.

धर्म बदलला तरी टिळकांनी मायबोलीची परंपरा सोडली नाही. तुकारामांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्ताकडे नेले, अशी त्यांची भावना होती. म्हणूनच त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग, ओवी आणि कीर्तन यांचा स्वीकार केला. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तेथे स्थान होते.

शिक्षणाचा आरंभ त्यांच्या घरातच झाला. शालेय शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाई विवाहानंतर लिहावाचायला शिकल्या. पतीच्या निधनानंतर त्यांचे अपूर्ण ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र तर मराठी साहित्याचे भूषण ठरले. शिक्षणाला वयाची अट नसते, याचा याहून बोलका दाखला कोणता?

विचार करा : कुटुंबात मतभेद असतानाही परस्परांविषयी आदर कसा राखता येईल? पाच-सहा वाक्यांत लिहा.