फरशीच्या आधी पाण्याचं बघ

अगं, ते फरशीचे नमुने ठेव जरा बाजूला. आधी मला सांग, तुमच्या कॉलनीत नळाला पाणी कितव्या दिवशी येतं? पाचव्या? आठव्या? आणि आलं की धार कशी असते? हसू नकोस. आपल्या संभाजीनगरात बाथरूम नव्याने करायची तर पहिला प्रश्न हाच असतो. पुण्याच्या नणंदेने केलेली बाथरूम फोटोत कितीही देखणी दिसो, तिच्याकडचं पाणी वेगळं आणि आपल्याकडचं वेगळं.

आपलं पाणी येतं पैठणच्या नाथसागरातून. ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या जुन्या जलवाहिन्यांवर हे शहर वर्षानुवर्षं तगलं. २५०० मिलिमीटरच्या नव्या वाहिनीच्या योजनेचं, तेव्हा १६८० कोटींच्या, भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं. रोज पाणी येईल तेव्हा आनंदच आहे, पेढे मी वाटेन. पण तू बाथरूम आजच्या पाण्यावर बांध.

म्हणून आधी हिशेब कर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. तुम्ही चौघं, म्हणजे ५४० लिटर. दर पाच दिवसांनी पाणी येत असेल तर २७०० लिटर साठा हवाच, शिवाय पाहुणे, धुणं आणि चुकलेला नळाचा दिवस. तुमच्या गच्चीवर १००० लिटरची टाकी आहे, ती दोन दिवसही पुरत नाही. खाली हौद किती लिटरचा आहे ते मापून घे. लांबी, रुंदी, खोली फुटात मोजायची, गुणायची आणि २८ ने परत गुणायचं, साधारण लिटर मिळतात. हौद तोकडा निघाला तर पैसे आधी तिकडे घाल. काचेचं पार्टिशन पुढच्या वर्षी झालं तरी कुणाचं काही अडत नाही.

आता त्या पसरट मोठ्या शॉवरचं. जावईबापूंचा जीव त्यात अडकलाय, मला माहीत आहे. पण शॉवर चालतो प्रेशरवर, आणि आपल्या घरात प्रेशर म्हणजे टाकीची उंची. पाणी दहा मीटर उंचावर असेल तेव्हा कुठे खाली एक किलो प्रेशर मिळतं. तुमची बाथरूम वरच्या मजल्यावर, टाकी तिच्या डोक्यावरच. टाकीपासून शॉवरपर्यंत उंची जेमतेम अडीच मीटर, म्हणजे पाव किलो. तळमजल्यावर तीच पाइप उतरली तर अर्ध्या किलोच्या आसपास. दुकानात शॉवरच्या खोक्यावर किमान प्रेशर लिहिलेलं असतं ते वाच, मग पसंत कर. शोरूममध्ये दाखवताना मागे पंप चालू असतो, हे कुणी सांगत नाही.

उंचीच्या या हिशेबावर आपलं जुनं शहर उभं राहिलंय, बरं का. सतराव्या शतकात मलिक अंबरने नहर-ए-अंबरी आणली ती कुठल्याही मोटारीविना. उत्तरेकडच्या डोंगराजवळचं पाणी उताराने गावात आलं. पाणचक्कीलाही तसंच खापराच्या नळातून आलेलं पाणी उंचावरून पडतं. तेव्हाच्या कारागिराला जे कळत होतं ते आपल्या प्लंबरला विचारायला लाजू नकोस.

प्रेशर पंप बसवता येतो, नाही असं नाही. पण दोन गोष्टी बघ. गच्चीवर सोलर आहे ना तुमच्याकडे? थंड पाणी पंपातून जोरात आणि गरम पाणी सोलरमधून आपल्या उताराने हळू, असं झालं तर मिक्सरमध्ये थंडच जिंकतं. गरम यायचं बंद होतं आणि सगळे सोलरला शिव्या घालतात. दोन्ही लाइनींना सारखं प्रेशर मिळेल अशी जोडणी हवी. त्यासाठी सोलरची टाकी पंपाचं प्रेशर सोसणारी आहे का, हे कंपनीला विचारून मगच ठरव. बहुतेक घरगुती सोलर टाक्या ते सोसत नाहीत. दुसरी गोष्ट पाण्याची. मोठा शॉवर मिनिटाला पंधरा लिटर सहज ओततो. दहा मिनिटांत दीडशे. चौघांनी रोज केलं की सहाशे लिटर, म्हणजे मघाशी आपण काढलेल्या दिवसाच्या सगळ्या पाण्याहून जास्त! टँकर मागवून शॉवर घेण्यात मला तरी काही मौज वाटत नाही. हॅंडशॉवर घे, आणि खाली बादलीसाठी एक चांगला नळ हवाच. तुझ्या सासूबाई शॉवरखाली उभ्या राहणार नाहीत. त्यांना स्टुलावर बसून बादलीतून अंघोळ करायची असते. त्यांच्या हाताशी नळ आणि उठताना धरायला दांडी, ही दोन्ही कामं भिंत उघडी असतानाच होतात.

पंप टाळायचा असेल तर टाकीपासून उतरणारी पाइप जाड घे. एक इंच खाली आण, आत पाऊण इंच फिरव आणि अर्धा इंच फक्त नळाच्या तोंडाशी. वळणं जितकी कमी तितकी धार चांगली. प्लंबर म्हणेल, अर्ध्या इंचात होऊन जातं ताई. होतं, पण धार कशी येते ते त्याला सोसायचं नसतं.

तुमच्याकडे बोअरही आहे. आपल्या काळ्या दगडातलं पाणी जड, क्षाराचं. त्याने शॉवरची भोकं बुजतात, गिझरची कांडी पांढरी पडते आणि महागडा डायव्हर्टर वर्ष-दोन वर्षांत आडमुठा होतो. म्हणून पाइपा आत्ताच दोन कर. बोअरचं पाणी फ्लशला आणि फरशी धुवायला. नळाचं पाणी बेसिन, शॉवर, गिझरला. त्यासाठी गच्चीवर दोन टाक्या लागतील. आणि दोन्ही लाइनी मध्ये एक कॉक ठेवून जोडू देऊ नकोस. कधीतरी कुणीतरी तो उघडा ठेवतो आणि बोअरचं पाणी पिण्याच्या टाकीत जातं. फ्लश दोन बटणांचाच घे, तीन आणि सहा लिटरचा.

तुमचं घर सिडकोतलं जुनं, म्हणजे भिंतीत लोखंडी जीआय पाइप असणार. वरून ठीक दिसतात, आतून गंजाने बुजलेल्या असतात. तोडफोड करतेच आहेस तर एकही जुनी पाइप ठेवू नकोस. ‘एवढी चांगली आहे, राहू द्या’ म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नकोस. गरम-थंड दोन्हीसाठी सीपीव्हीसी टाक. सांडपाण्याचे जुने बिडाचे पाइपही बघून घे.

कमोडची जागा बदलायचा मोह होईल. शक्यतो बदलू नकोस. चार इंची पाइपला उतार लागतो, मीटरमागे किमान सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर. कमोड दीड-दोन मीटर सरकवला की तो उतार फरशीखाली बसवायला जागा हवी, नाहीतर बाथरूमची जमीन उंच होते आणि दारात पायरी येते. सासूबाईंच्या गुडघ्यांना ती पायरी जड जाईल. आणि कमोड प्लंबर येण्याआधी विकत घेऊन ठेव. भिंतीपासून मैलापाइपचं मध्य किती इंचावर हवं, नऊ की बारा, हे त्या कमोडवर ठरतं. डायव्हर्टरचा भिंतीत जाणारा भागही आधी आण. नाहीतर भिंत एका मापाने कापली जाते आणि वस्तू दुसऱ्याच मापाची येते.

नहाणी ट्रॅप चांगला खोल घे. त्यात पाण्याचा दोन इंचांचा थर कायम भरलेला राहिला तरच गटाराचा वास आणि झुरळं बाहेर राहतात. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये आठवड्यातून एक तांब्या पाणी ओतत जा, नाहीतर ट्रॅप सुकतो. अंघोळीचं पाणी वेगळ्या पाइपने अंगणातल्या झाडांपर्यंत नेता येत असेल तर आत्ताच ने, नंतर कोण खणतंय? मैलापाण्याची लाइन मात्र चेंबरपर्यंत स्वतंत्रच हवी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फरशी लागायच्या आधी दोन परीक्षा घे. नळांची तोंडं बंद करून हातपंपाने लाइनमध्ये प्रेशर भरायचं, काटा रात्रभर खाली येता कामा नये. आणि वॉटरप्रूफिंग झाल्यावर नहाणीचं तोंड बुजवून जमिनीवर दोन इंच पाणी उभं करायचं, किमान ४८ तास. ‘एवढं पाणी कुठून आणणार’ म्हणून इथेच ठेकेदार पळवाट काढतात. खोटं आहे ते. पाच बाय आठ फुटांच्या बाथरूमला दोन इंच म्हणजे दोनशे लिटरच्या आत, एक ड्रम. खालच्या खोलीच्या छताला ओल आली की किती खर्च येतो ते आमच्या शेजारणीला विचार. तिच्याकडे ही परीक्षा झालीच नव्हती.

भिंत बंद करण्यापूर्वी प्रत्येक पाइपचे फोटो काढ, शेजारी मोजपट्टी धरून. उद्या आरसा लावायला भोक पाडशील तेव्हा त्यांची किंमत कळेल. प्लंबरशी बोलताना ठोक पैसे ठरवायचे की पॉइंटवर, माल त्याचा की तुझा, हे कागदावर लिहून घे, आणि शेवटचा हप्ता त्या दोन परीक्षा पार पडल्यावरच दे. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. चांगला कारागीर उलट खूश होतो.

मुलांना सुट्टी म्हणून मे महिन्यात काम काढू नकोस. तेव्हा ऊन बेचाळीसच्या घरात, पाण्याचे दिवस लांबलेले, आणि कोबा-प्लास्टर ओलं ठेवायला पाणी लागतं. जूनपासून पावसाची ओल. दिवाळीनंतर सुरू कर, पाऊस चांगला झाला असेल तर तोवर नाथसागरही भरलेला असतो. त्याआधी हौद मापून मला फोन कर, आकडा हातात आला की मग आपण दोघी फरशी बघायला जाऊ.